भोंगा वाजेपर्यंत

उज्ज्वला खरमाटेने आशियाई स्पर्धेत एकशे एकवीस किलो वजन डोक्यावर उचललं, त्याला गेल्या मंगळवारी सहा वर्षं झाली. ते खाली ठेवायचा भोंगा अजून वाजलेला नाही.

नियम साधा आहे. समोर तीन पंच बसतात. प्रत्येकाच्या हाताशी दोन बटणं, एक पांढरं, मंजुरीचं, एक लाल, बाद ठरवण्याचं. दोघांचं एकमत झालं की भोंगा वाजतो आणि मग बार खाली टाकता येतो. त्याआधी टाकला, तर सगळी मेहनत पाण्यात. उज्ज्वलाच्या वेळी डावीकडच्या पंचाने पांढरं बटण दाबलं, उजवीकडच्याने लाल. मधल्या पंचबाई, राखाडी कोटातल्या, विचार करू लागल्या.

विचाराला मुदत घालणारं कलम नियमावलीत नाही. संयोजकांनी ती तीनदा वाचली. बाकीचे दोघे पंच सह्या करून आपापल्या देशी गेले. ‘स्पर्धा चालू आहे’ अशी पाटी दारावर लागली ती लागलीच. पुढे त्याच सभागृहात पुस्तकांचं प्रदर्शन भरलं, दोन लग्नं झाली. माणसं शिस्तीत चौथऱ्याला वळसा घालून जात. प्रशिक्षक बाबर सर आठ महिने थांबले. मग गावाकडच्या मुलींचा सराव बुडतो म्हणून परतले. दर महिन्याला त्यांचं पत्र येतं, कोपरं सरळ ठेव.

आई तेवढी राहिली. ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून लेकीचा खेळ बघायला आली होती आणि पहिल्या रांगेतून उठायला तयार नव्हती. स्टुलावर चढून ती उज्ज्वलाला भाकरी भरवी, वेणी घाली. बारला हात लागला तर प्रयत्न बाद, म्हणून फार जपून. चौथ्या वर्षी मात्र तिचा धीर सुटला.

“ठेव की गं खाली. कोण बघतंय आता?”

“त्या बघतायत,” उज्ज्वला म्हणाली. “आणि सोन्याचं पदक आहे, आई.”

पदक तिला हवंच होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. वयाच्या अकराव्या वर्षापासून तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. पण पंचबाईंची तिला आता भीती वाटू लागली होती. त्या वर्षीच्या हिवाळ्यापासून त्यांची पापणी लवलेली तिने पाहिली नव्हती. बोट दोन बटणांच्या मधोमध तसंच. कोटावर धूळ साचे, आई ती झटके. तरीही समोर कुणीतरी अजून विचार करतंय, हे उज्ज्वलाला अंगभर जाणवत होतं.

यंदा स्पर्धेच्या समितीने डॉक्टर पाठवला. पंचबाई दोन वर्षांपूर्वीच वारल्याचं त्याने लिहून दिलं. मृत्यू हा निर्णय धरता येत नाही, असं समितीचं उत्तर आलं. प्रयत्न पहिल्या क्षणापासून आजवर जिने किंवा ज्याने सलग पाहिला असेल, अशाच व्यक्तीला मधली खुर्ची द्यावी. अशी व्यक्ती एकच होती.

पंचाने कोट घातलाच पाहिजे, म्हणून आईने तो लुगड्यावर चढवला. आत अजून ऊब आहे, असं ती पुटपुटली. मग खुर्चीत बसली. उज्ज्वलाला सहा वर्षांत पहिल्यांदा रडू आलं. खांदे पेटले होते, पण आता घर चार-दोन दिवसांवर आलं होतं. आईचं बोट पांढऱ्या बटणाकडे गेलं.

आणि तिथेच थांबलं.

आईने चष्मा पुसून परत लावला. मान जराशी तिरकी केली. गावी तीस वर्षं दूध डेअरीवर मापाला बसलेली बाई. सख्ख्या भावाच्या किटलीतही तिने कधी थेंब जास्त धरला नव्हता.

“आई, दाब.”

आईने तिच्याकडे पाहिलं. पण तिच्या चेहऱ्याकडे नाही, डाव्या कोपराकडे. मग समितीने दिलेल्या, शेजारी उभ्या दुभाष्याकडे वळून म्हणाली, “खेळाडूला गप ऱ्हायला सांगा. मला नीट बघू दे.”

दुभाष्याने तसं सांगितलं. मराठीतच.