पहिला हात कडक

बबनरावांनी जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं, ही गोष्ट तळेगाव ढमढेऱ्यात दोनच माणसांना ठाऊक होती. एक खुद्द बबनराव आणि दुसरी त्यांची बायको पार्वतीबाई. बाकीचं गाव त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं आणि आपला हिशेब आपण मांडायचं. बारा महिने डोळे तांबडे, पापण्या सुजलेल्या, कडांना कोंड्यासारख्या खपल्या. हायस्कुलात हेडक्लार्क असल्यामुळे तोंडावर कोणी बोलत नसे. दाखला न्यायला आलेला पालक टेबलावर जरा वाकून वास घेई, आणि वास नाही आला तर मनात म्हणे, 'मुरलेला दिसतोय गडी.'

रविवारी विहारात पंचशील म्हणताना मद्य वर्ज्य करणाऱ्या पाचव्या शीलाला बबनराव मुद्दाम आवाज चढवीत. त्याचाही उलटाच परिणाम झाला. मागच्या रांगेतले लोक एकमेकांना कोपर मारून म्हणत, "आज परत सोडली वाटतं."

हे सगळं त्यांनी सोसलं असतं, पण मुलगी माया लग्नाची झाली. दोन स्थळं आली. दोन्ही वेळा बबनरावांनी कोणी न विचारताच सांगितलं, "मी घेत न्हाई बरं का." दोन्ही वेळा पाहुणे त्यांच्या डोळ्यांकडे बघत म्हणाले, "व्हय, व्हय. विचार करून कळवतो." अजून त्यांचा विचार चालूच होता.

तिसरं स्थळ मात्र मायाच्या मनातलं होतं. मुलगा दौंडला रेल्वेत, घर राहू गावात. मुलामुलीची पसंती कधीच झाली होती. उरली होती ती बापानं बापाला बघण्याची. बाळासो आणि अनसाबाई, म्हणजे मुलाचे आईवडील, मुलाला घेऊन येत्या रविवारी येणार होते. माया वडिलांना काही बोलली नाही. नुसता गॉगल आणून टेबलावर ठेवला. त्या गॉगलनं बबनरावांना जेवण गेलं नाही.

मंगळवारी ते पुण्याला डोळ्यांच्या नव्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी एक पापणीचा केस उपटला, यंत्राखाली धरला आणि म्हणाले, "तुमच्या पापण्यांच्या मुळाशी बारीक किडे आहेत. वांग्यावर लाल कोळी पडतो ना, त्याचेच भाऊबंद. थोडेफार सगळ्यांनाच असतात, तुमच्याकडे जास्त झालेत. टी ट्री ऑइल मिळवा. ते पातळ करून, डोळे मिटून, कडांवरून फिरवायचं. तीन महिने लागतील."

नऊ वर्षांनी दुखण्याला नाव मिळालं, म्हणून बबनरावांना रडायचंच बाकी राहिलं. त्यांनी पार्वतीबाईंना सांगितलं. पार्वतीबाईंनी शेजारच्या गिताबाईंना सांगितलं, तेही 'कुणाला सांगू नगस' असं बजावून. गिताबाईंचं माहेर राहूला, हे त्यांना नंतर आठवलं.

तेल काही मिळेना. शिरूरच्या मेडिकलवाल्यानं "चहाचं तेल? आमच्यात न्हाई, किराण्यात बघा," म्हणून हात वर केले. शेवटी पुतण्या महेंद्र, रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होता, त्यानं पुण्यातून बोटभर बाटली आणली. तीही शनिवारी संध्याकाळी.

"काका, हे प्युअर हाय. डायरेक्ट लावायचं न्हाई. खोबरेल तेलात डायल्यूट करायचं, पर्सेंटेज बघून."

"पर्सेंटेज मला शिकवतो व्हय? मी पाठीवर पंप घेऊन वांगी फवारत होतो, तवा तू दुपट्यात हुतास."

आता बबनराव नोकरीतले असले तरी अर्धा एकर वांगी त्यांनी पंधरा वर्षं केली होती. आणि लाल कोळी पडला की इकडे एकच शास्त्र: पहिला हात कडक मारायचा, मग पुढचे हलके. हलक्या औषधानं कोळी मरत नाही, सोकावतो. शिवाय डॉक्टरांचे तीन महिने आणि पाहुण्यांचा रविवार यांचा मेळ घालायचा, तर वेळ फक्त सकाळची होती. सात वाजता त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, निखळ तेलात बुडवला आणि दोन्ही पापण्यांच्या कडांना वरून खालून भक्कम हात दिला.

मग त्यांनी जी हाक मारली ती वेशीपर्यंत गेली.

"अवो, काय झालं?"

"पाणी! पार्वती, पाणी! मेलो!"

चार बादल्या पाणी झालं. किड्यांचं काय झालं ते कळलं नाही, पण बबनरावांचे डोळे पिकल्या टोमॅटोसारखे झाले आणि उघडायचे बंद झाले. घरभर कापूर, निलगिरी आणि ताजं व्हार्निश एकत्र केल्यासारखा वास सुटला. बाटली पाण्याच्या धांदलीत त्यांच्याच सदऱ्यावर सांडली होती. दुसरा सदरा काढायला सवड मिळाली नाही, कारण वेळेआधी तासभर दारात जीप उभी राहिली.

पाहुण्यांनी जे पाहिलं ते असं. मुलीचा बाप बायकोच्या खांद्याला धरून आला. चौकटीला धडकला. पाहुण्यांऐवजी कपाटाला जयभीम घातला आणि वासाची एक लाट घेऊन खुर्चीत कोसळला.

बाळासोंनी पाहुण्यांसाठी थांबलेल्या महेंद्रच्या कानाशी लागून विचारलं, "सकाळपासनंच?"

"सात वाजता," महेंद्र खरं तेच बोलला. "मी म्हणत हुतो, पातळ करून घ्या. ऐकत्यात कुठं?"

"नुसतीच?" बाळासोंनी डोळे विस्फारले.

"प्युअर."

तेवढ्यात माया चहा घेऊन आली. मुलानं कप घेतला, आणि अनसाबाईंनी त्याच्या हातातला कप काढून खाली ठेवला. "एक इचारू का? राग नका मानू. तुमच्या डोळ्यांत किडं झाल्यात म्हणत्यात. गिताबाई सांगत हुती. त्ये उडून दुसऱ्याला लागत्यात का वो? पोरगी याच घरातली, म्हणून इचारलं."

बबनरावांना काही दिसत नव्हतं, पण माया उरलेल्या कपबश्या तशाच घेऊन आत निघाली, ते ऐकू येत होतं. मग खुर्ची सरकली. अनसाबाई म्हणाल्या, "चला वो. विचार करून कळवू."

ते शब्द बबनरावांना पाठ होते.

"किडं न्हाईत," ते ओरडले. "कुणी सांगितलं किडं? मी घेतो!"

"अवो!" पार्वतीबाई.

"तू गप. रोज घेतो. नऊ वर्षं झाली. लपवून काय उपेग?"

पाचवं शील जन्मभर सांभाळलेल्या माणसानं, खोटं न बोलण्याचं चौथं शील असं चार वाक्यांत मोडून टाकलं.

बाळासो परत बसले. मग म्हणाले, "आमच्या पाव्हण्यात पिणारे ढिगानं हायेत. कबूल करणारा पहिलाच बघितला. बस गं अनसे. दारू सुटती, किडं सुटत न्हाईत. बबनराव, एक वचन द्या. आजपासनं बंद."

"बंद," बबनराव म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. आसवांनी तेल पुन्हा झोंबलं, तसे ते आणखी मोठ्यानं रडले. बाळासो सगळ्यांकडे वळले. "बघा, माणूस मनानं साफ हाय."

लग्न ठरलं. पुढं बबनरावांनी मुकाट्यानं महेंद्रच्या मापानं, खोबरेल तेलात थेंब मोजून औषध चालू केलं. तीन महिन्यांत खपल्या गेल्या, सूज गेली, डोळे दुधासारखे पांढरे झाले. आणि तिथंच घात झाला. डोळे लाल होते तोवर निदान संशय होता. आता पुरावा मिळाला. पारावर लोक एकमेकांना सांगू लागले, "व्याह्यानं सोडवली. डोळं बघ की, कसं निवाळलं!" बबनराव समजावायला गेले की माणसं प्रेमानं पाठीवर थाप मारत, "जाऊ द्या मामा, झालं गेलं."

दिवाळीनंतर महिला मंडळाचा व्यसनमुक्ती मेळावा झाला. त्यात पार्वतीबाईंना साडी देऊन सत्कार केला आणि दोन शब्द बोलायला लावलं. बबनराव लाजेनं गेले नाहीत. बाई घरी आल्या तेव्हा ते ओसरीवर वाटच बघत होते.

"आज तरी खरं सांगितलंस का?"

"सांगणारच हुते. माईक हातात घेतला, तर म्होरल्याच रांगेत अनसाबाई. शेजारी आपली माया."

"मग?"

"मग म्हटलं, लई सोसलं. माणूस रात रात जागायचा, कपाळ धरून बसायचा. चारचौघांत मान वर करायचा न्हाई. पोरीच्या लग्नाची आशा सोडली हुती आम्ही. बाया रडल्या वो."

बबनरावांनी विचार केला. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"आन् शेवटी काय म्हणालीस?"

"शेवटी म्हटलं, आता एक थेंब घेत न्हाईत."

पार्वतीबाई साडी उलगडून काठ बघू लागल्या. बबनराव आपल्या पांढऱ्याशुभ्र डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत, त्या वाक्यात खोट शोधत बसले. काही केल्या सापडेना.