चंद्र उगवेपर्यंत 'नो'

परदेशात खोटं बोलायचं नाही, असं मी ऑकलंडच्या विमानतळावर ठरवलं. त्याला कारण लिंबाचं लोणचं. बॅगेत खायचं काय काय आहे, असं अधिकाऱ्याने विचारल्यावर मी घाबरून लोणच्यापासून भाजणीपर्यंत सगळं कबूल केलं (मेतकूट शुभाने, म्हणजे माझ्या बायकोने, न विचारताच कबूल केलं), आणि त्याने हसून सोडून दिलं. खरं बोललं की सुटका होते, हा धडा घेऊन मी लोअर हट नावाच्या गावी मुलाच्या घरी आलो. तिथेच घात झाला.

कुंपणापलीकडे लिन नावाच्या चिनी आजी राहतात. (वयाने माझ्याएवढ्याच असाव्यात, पण आजी म्हटलं की मला तरुण वाटतं.) पहिल्याच सकाळी त्यांनी लसणीच्या वाफ्यातून मान वर करून विचारलं, "यू ईट ऑलरेडी?"

आता दात घासून नुकताच बाहेर आलेला माणूस काय खाऊन आलेला असणार? आणि खरं बोलायचं तर ठरलेलंच होतं.

"नो," मी म्हणालो.

आजींचा चेहरा पडला. त्या आत गेल्या आणि कोबी भरलेले वाफाळते बाओ घेऊन आल्या. मोदकाचे चुलतभाऊच. "व्हेज?" मी विचारलं. "व्हेज, व्हेज." अंघोळीआधी खाऊ नये हा नियम न्यूझीलंडला लागू नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर, टोफूच्या नूडल्स. महिनाभर हे चाललं. दर 'नो'ला आजींचे डोळे जरा जास्तच मोठे होत. मला वाटायचं, माया.

मग आली संकष्टी.

"यू ईट ऑलरेडी?"

"नो. टुडे नो फूड टिल मून." मी आकाशाकडे बोट दाखवलं.

आजींच्या हातातली झारी कलंडली. "मून? हू से?"

"माय वाइफ. व्हेरी स्ट्रिक्ट."

"युवर सन नो?"

"सन नोज. सन इज हॅपी."

आजी आत गेल्या त्या परत आल्याच नाहीत. संध्याकाळी मी हे मजेने मुलाला, राघवला, सांगितलं, तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा! अहो, इथे म्हाताऱ्यांना घरात उपाशी ठेवलं तर शेजारी फोन करतात. चौकशीला लोक येतात. तुमच्या रेसिडेन्सीचा अर्ज आत्ताच टाकलाय मी!"

"म्हणजे आम्हाला परत पाठवतील?"

"तुम्हाला परत पाठवतील की मला आत टाकतील, तेवढंच बघायचं राहिलंय."

त्या दिवसापासून मी भ्यायलो ते भ्यायलोच. पोस्टमनची गाडी थांबली तरी मी स्वयंपाकघरात पळायचो. पोराने इतकी वर्षं खस्ता खाऊन इथे बस्तान बसवलं, आणि बापाने एका 'नो'पायी त्याला आरोपी केलं! कुंपणाकडे जाणं मी बंद केलं. आजीही दिसेनात. त्यांच्या खिडकीचा पडदा मात्र हलायचा. साक्षीदार पाळतीवर होता.

शुक्रवारी दुपारी एक गाडी थांबली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक तरुणी आधी लिन आजींकडे गेली आणि मग सरळ आमच्या दाराकडे निघाली.

"आली!" मी ओरडलो. दोन बेसनलाडू एकदम तोंडात कोंबले, चकल्यांचा डबा छातीशी धरला आणि दार उघडलं.

"किया ओरा," ती इथला नमस्कार करत म्हणाली.

"आय ईट!" माझ्या तोंडून लाडवाचा भुगा उडाला. "मॉर्निंग ईट, आफ्टरनून ईट! माय सन व्हेरी गुड बॉय! मून नॉट नेसेसरी!"

ती दोन पावलं मागे सरली. "अंकल, मी जॉयस. लिन आजींची नात." (ओळखपत्र शाळेचं होतं. बाई मास्तरीण निघाली.) मग वर्गातल्या ढ मुलाला सांगावं तसं तिने सावकाश इंग्रजीत सांगितलं. 'जेवलात का' हा त्यांच्याकडच्या जुन्या माणसांचा नमस्कार. उपासमारीचे दिवस पाहिलेली माणसं एकमेकांना असं विचारायची, त्यातून तो आला म्हणतात. नक्की कुणालाच ठाऊक नाही. उत्तर मात्र ठरलेलं: हो, आणि तुम्ही?

"नाही म्हणणारे तुम्हीच पहिले भेटलात आजीला. आणि कुणी नाही म्हटलं की खायला दिल्याशिवाय तिला राहवत नाही. रोज पहाटे उठून पीठ मळायची, गुडघे धरले तिचे. आता तर तुम्ही दिसाल या भीतीने लसणीला पाणीसुद्धा घालत नाही. पडद्याआडून बघत असते, तुम्ही घरात गेलात का."

शुभा मागे उभी होतीच. "अहो, पुण्यात शेजारचे जगदीश भावोजी रोज जिन्यात 'काय, जेवलात का?' विचारायचे. त्यांना कधी 'नाही' म्हणालात?"

"ते मराठीत विचारायचे!" मी म्हणालो.

लाडू कसाबसा गिळून मी विचारलं, "माझा मुलगा मला उपाशी ठेवतो, असं... आजींनी कुणाला कळवलंय का?"

"फोन उचलला होता तिने," जॉयस म्हणाली. "मग खिडकीतून तुम्हाला एकदा नीट पाहिलं आणि खाली ठेवला. म्हणाली, हा उपाशी माणूस म्हणून दाखवला, तर लोक मलाच वेड्यात काढतील."