सात नंबरची पडताळणी

मिरजेतल्या हिरकणी अपार्टमेंटमधला सात नंबरचा फ्लॅट आपला भाडेकरू आपणच निवडतो, आणि त्याने नाही म्हटलं की मालकिणीचंही काही चालत नाही. सोसायटीने हे एका सभेत रीतसर नोंदवून घेतलं आहे. त्या सभेत एकच हरकत आली, तीही चहा गार असल्याबद्दल.

मालकीण म्हणजे प्रमिलाताई कोष्टी. टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा हाती आलेल्या पैशात बँकेचं कर्ज घालून त्यांनी हा वन बीएचके घेतला. भाड्यातून हप्ता जाईल आणि म्हातारपणी मुलासमोर हात पसरावा लागणार नाही, एवढंच त्यांचं गणित होतं. पण आधीची भाडेकरू करार अर्धवट सोडून निघून गेली आणि फ्लॅट तीन महिने रिकामा पडला. दोन हप्ते थकले. तिसरा चुकला तर फ्लॅट हातचा जाईल, असं बँकेच्या साहेबांनी फार गोड आवाजात सांगितलं होतं.

"किती जणांना घालवलंस, काही मोजदाद आहे का?" फरशी पुसता पुसता प्रमिलाताईंनी फ्लॅटला विचारलं.

"अकरा," फ्लॅट म्हणाला. त्याचा आवाज स्वयंपाकघरावरच्या माळ्यातून येतो आणि थोडा घुमतो. "प्रत्येकाचं कारण ठेवलं आहे. चौथ्यांनी भिंतीचा रंग नखाने खरवडून पाहिला. नववे मला 'खुराडं' म्हणाले, तेही हळू आवाजात."

"मग आहेसच तू खुराडं. माझ्या जिवाला घोर लावलायस नुसता."

"आपली अडचण मला ठाऊक आहे," फ्लॅट म्हणाला. "बारावे दोन वाजता येणार आहेत."

बारावे गृहस्थ वेळेवर आले. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास, आणि आल्या आल्या सांगितलं की अकरा महिन्यांचं भाडं एकरकमी देतो. प्रमिलाताईंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी उत्साहाने नळ सोडून दाखवला, पंखा लावून दाखवला.

"शेजारी असतं का कुणी दुपारचं?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही ओ, सगळी कामावर जातात. अगदी शांत असतंय बघा."

"आणि तुम्ही एकट्याच आलाय?"

प्रमिलाताई हो म्हणाल्या, तोवर गृहस्थ दारापाशी गेले होते. त्यांनी दार लोटलं. दार चार बोटांवर येऊन थांबलं. त्यांनी खांदा लावला, तरी ते हललं नाही.

"दार उघडं राहील," फ्लॅट म्हणाला. "पाहणीच्या वेळी दार लावण्याची इथे पद्धत नाही."

"कडी बसते का बघत होतो."

"कडी उत्तम बसते. आपलं ओळखपत्र पाहू."

ओळखपत्र गाडीत राहिलं होतं. ते आणायला गृहस्थ जिना उतरून गेले, आणि गाडी गेल्याचा आवाज आला. गृहस्थ दार का लावत होते, हे तेव्हा कुठे प्रमिलाताईंच्या लक्षात आलं. ओट्याला धरून त्या खाली बसल्या. भीती वाटली होती, आणि ती कबूल करायला आता कुणाची लाज नव्हती.

"यापुढे सोबत कुणाला तरी आणा," फ्लॅट म्हणाला. "निदान घरी सांगून या."

"तू आहेस की."

"मी आहे. पण मला जिना उतरता येत नाही."

दुसऱ्या दिवशी तेरावी आली, तेव्हा प्रमिलाताई खालच्या किराणा दुकानदाराला सांगून वर आल्या होत्या. रेश्मा मुजावर एका मोठ्या इस्पितळात सिस्टर होती. एकटी बाई, कामाच्या वेळा वेड्यावाकड्या, म्हणून तिला पाच सोसायट्यांनी वाटेला लावलं होतं. ती दारातच चपला काढून उभी राहिली.

"आधीचं घर का सोडलं?" फ्लॅटने विचारलं.

रेश्माने माळ्याकडे पाहिलं आणि सरळ उत्तर दिलं. "मालक न सांगता चावी लावून आत यायचे. मानूस वाईट न्हवता ओ. गॅस बंद हाय का बघायला यायचे. पन ड्युटीवरनं येऊन पडलं तरी मला झोप लागायची न्हाई. आत्ता दार उघडंल, मग उघडंल, असं वाटायचं."

"मंजूर," फ्लॅट म्हणाला. "आता मालकिणीची पडताळणी."

"माझी?" प्रमिलाताई म्हणाल्या.

"आपली. मागील करारकाळात मालकीण दुसऱ्या चावीने चार वेळा आत आल्या. चारही वेळा भाडेकरू घरी नव्हती. दोनदा फ्रिज उघडला. एकदा गादी उचलून पाहिली."

"ढेकूण झालेत का बघत होते. माझंच घर आहे ना?"

"चौथ्या वेळी गादी तिला वाकडी दिसली. त्याच महिन्यात ती गेली. आपल्याला सांगायचा तिला संकोच वाटला, मला सांगून गेली."

प्रमिलाताईंचा चेहरा उतरला. तीन महिने त्या मुलीला त्या नावं ठेवत होत्या, थकलेल्या दोन हप्त्यांचा दोषही तिलाच देत होत्या.

"काल दार लागू दिलं नाही, ते आपल्यासाठी," फ्लॅट म्हणाला. "यांच्यासाठी ते उघडू देणार नाही. तेवढं लिहून घ्या."

प्रमिलाताईंनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून लाल दोरा बांधलेली चावी काढली आणि रेश्माच्या हातावर ठेवली.

"ऱ्हाऊ दे की काकी एक तुमच्याजवळ. नडीला लागती."

"नको गं बाई. जवळ असली तर मी येणारच."

"पडताळणी पूर्ण," फ्लॅट म्हणाला. "मालकीण चालतील."

करार झाला, पोलीस ठाण्यात कागद गेले, आणि हप्ते वेळेवर जाऊ लागले. पुढच्या महिन्यात एका रविवारी प्रमिलाताई लोणच्याची बरणी घेऊन आल्या आणि सात नंबरची बेल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाजवली. बेलला कोकिळेचा आवाज आहे, हे चार वर्षांत त्यांना माहीत नव्हतं. तो फार हळू वाजला.

"कोण?" फ्लॅटने आतून विचारलं.

"प्रमिला कोष्टी."

"काम?"

"लोणचं आणलंय."

"सिस्टर रात्रपाळी करून आल्या आहेत. झोपल्या आहेत. साडेचारला या."

"गाढ झोपल्यात?"

"घोरताहेत," फ्लॅट म्हणाला.

प्रमिलाताईंना एकदम बरं वाटलं. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी त्या हातात घेतल्या आणि बरणी सांभाळत खालच्या पायरीवर जाऊन बसल्या. साडेचारला अजून दीड तास होता.