भटूच्या सासऱ्याचं मरण

निंबा पाटील बोलायला बसला की लवकर आवरत नाही, हे सुरतेतल्या अख्ख्या डिंडोलीला ठाऊक. वीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात काढलेली. तिथल्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली, ती घरी, लग्नात, मयतीत कुठेच सुटेना.

"तू काळजीच करू नको," शनिवारी तो लेकीला म्हणाला. "उद्या तुझा क्लास असा गाजवतो, की ती बाई खुर्चीवरून उठून नोकरी देईल तुला."

गायत्रीने हात जोडले. "पप्पा, तुम्ही फक्त येऊन बसा. गाजवू नका."

गायत्री बी.ए. झालेली. आठवडाभर घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची आणि रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये शेजाऱ्यांना फुकट इंग्रजी शिकवायची. उद्या शहरातल्या एका अकादमीची बाई तिचा तास बघायला येणार होती. तास पसंत पडला तर पोरीच्या बोटांचा डिंक सुटणार होता. अट एकच, वर्गात बारा माणसं हवीत. गायत्रीकडे दहा होती, त्यात एक तिची आई मालतीबाई. अकरावा निंबा. आणि बारावा म्हणून निंबाने शहराच्या दुसऱ्या टोकाहून, कतारगामहून, आपला जिवाभावाचा दोस्त भटू बोलावला. माती खाल्ली ती इथे.

रविवारी भटूला पाहताच मालतीबाईने पदर डोक्यावर घेतला.

"भाऊ, दोन वर्षं झाली, पण गाठच नाही आपली. तुमचे सासरे गेले, मला काही यायला जमलं नाही. मनाला लागून राहिलंय."

भटूने निंबाकडे पाहिलं. निंबा छताचा पंखा बघत होता.

"देवाची मर्जी, वहिनी," भटू म्हणाला आणि मान खाली घालून मागच्या सतरंजीवर जाऊन बसला.

आता खरं काय ते सांगून टाकतो, कारण निंबा जन्मात सांगणार नाही. भटूचे सासरे नंदुरबारला ठणठणीत आहेत. दोन वर्षांपूर्वी खात्याला दोन दिवस सुट्टी पडली आणि भटू म्हणाला, चल सापुताऱ्याला. नेमकी त्यातल्या पहिल्याच दिवशी निंबाच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. घरी काय सांगायचं? निंबाने तोंड पाडून सांगितलं, "भटूचे सासरे गेले. दारावर जाऊन येतो."

दारावर जाणं म्हणजे ज्याच्या घरी माणूस गेलं त्याला भेटायला जाणं. उंबऱ्याशी बसायचं, रडायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि परत यायचं. खानदेशी माणूस सुरतेत येऊन घरी गुजराती बोलायला लागेल, पण दारावर जायचं चुकवणार नाही. आणि तिथे निघालेल्याला कोणती बायको अडवेल? मालतीबाईने तर पुरण वाटलेलं होतं, ते उचलून गाईला घातलं. मयतीच्या दिवशी गोड कसं खायचं?

आणि सापुतारा तिने पंचवीस वर्षं मागितला होता. तीन-चार तासांवरचा. निंबाचं उत्तर ठरलेलं, "डोंगर काय बघायचा? गावाकडे नाहीत का?"

असो. अकादमीची बाई आली, मागे खुर्ची टाकून वही उघडून बसली. गायत्रीने खेळ समजावला. आपण केलेला एक प्रवास आठवायचा. जागेचं नाव न घेता इंग्रजीत खुणा सांगायच्या. बाकीच्यांनी जागा ओळखायची. मराठी बोलायचं नाही.

निंबा निश्चिंत होता. शिर्डीच्या खुणा त्याने आठवडाभर आरशापुढे घोकल्या होत्या. पण पहिलाच उठला मगन टेलर. "बिग टेंपल. व्हेरी लाँग लाइन. बाबा." अख्खा वर्ग ओरडला, "शिर्डी." दुसऱ्याचीही शिर्डीच. तिसऱ्या बाईची शिर्डी, फक्त तिथे तिची चप्पल चोरीला गेली होती. बाईने वहीत काहीतरी लिहिलं. गायत्रीच्या कपाळावर घाम आला.

"प्लीज," ती म्हणाली, "एनी अदर प्लेस?" आणि तिने बापाकडे पाहिलं.

लेकीचा तो चेहरा बघून निंबाचं काळीज हललं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. तो उठला. शिर्डी सोडली तर आयुष्यात दुसरा प्रवास एकच केलेला. मालतीबाईने पाहिलेलं नाही, म्हणजे तिला ओळखू यायचं नाही, असा त्याने हिशेब केला.

"बिग माउंटन," त्याने लूमच्या आवाजात सुरुवात केली. "बिग लेक. बोट. लेग बोट." त्याने उभ्याउभ्याच पायडल मारून दाखवलं. "आय अँड फ्रेंड इन बोट. फ्रेंड ईट मका. विंड कम. फ्रेंड कॅप गो इन वॉटर."

वर्ग हसायला लागला. "काश्मीर," कोणी म्हणालं. "नैनिताल." "उटी." निंबा नाही नाही करत मान हलवत होता. बाईने पेन खाली ठेवलं होतं, तीही हसत होती. गायत्रीचा चेहरा खुलला. आणि खेळ तिथेच थांबला असता तर पोरीचं कल्याण झालं असतं.

पण भटू. बिचाऱ्याला सकाळपासून एक शब्द बोलता आला नव्हता. आता अख्ख्या वर्गात उत्तर येत होतं ते त्याला एकट्याला. त्याचा हात आपोआप वर गेला.

"सापुतारा," तो म्हणाला. "माय कॅप. न्यू कॅप."

निंबाने डोळे मिटले.

मालतीबाई सावकाश उठली. सहा आठवड्यांचं तिचं इंग्रजी. तिने नियम मोडला नाही.

"व्हेन यू गो?"

"व्हेन डिड यू गो," गायत्रीच्या तोंडून सवयीने निघालं, आणि मग तिने जीभ चावली.

मालतीबाई भटूकडे वळली. "युवर वाइफ फादर. डेड?"

भटूला खोटं बोलता येतं, पण इंग्रजीत येत नव्हतं. "नो, वहिनी."

"ही ईट?"

"टू भाकरी," भटू म्हणाला.

मालतीबाई फळ्यापाशी गेली आणि बाईकडे तोंड करून उभी राहिली.

"नाउ माय ट्रॅव्हल. ट्वेंटी सेव्हन इयर्स. आय गो. मेनी वुमन गो. नो बॅग. सिट इन डोअर. ड्रिंक वॉटर. कम होम. ओन्ली धिस. नो अदर."

वर्गातल्या सगळ्या बायकांना कळलं. अकादमीची बाई बिचारी या भागातली नव्हती. ती हसून म्हणाली, "पिकनिक?"

तेव्हा मात्र मालतीबाई रडली. तिथेच, सगळ्यांसमोर, फळ्याला टेकून. आणि एकदा एक रडली म्हटल्यावर बाकीच्या बायका तरी कशा गप्प बसणार? तास तिथेच संपला.

बुधवारी फोन आला. शिकवणं चांगलं आहे, पण वर्ग हाताबाहेर जातो, असं बाईंचं मत पडलं. गायत्री "थँक यू मॅडम" म्हणाली, फोन ठेवला आणि टिकल्यांचा डबा पुढे ओढला. निंबाला वाटलं, पोरीने भांडावं, चार शब्द सुनवावेत. ती मान वर करेना. मालतीबाई नवऱ्याशी त्या दिवसापासून फक्त इंग्रजीत बोलत होती. "टी." "फूड." "डोअर क्लोज." सत्तावीस वर्षांत त्याने एवढं शांत घर पाहिलं नव्हतं, आणि ते त्याला सहन होईना.

पुढच्या रविवारी पहाटेच मायलेकी तयार होऊन निघाल्या. निंबा आडवा आला.

"कुठे निघालीस? सांग तरी."

"दारावर," मालतीबाई म्हणाली. आठवड्यात त्याच्याशी बोललेला तिचा पहिला मराठी शब्द.

जिन्यात शेजारच्या सरस्वतीबाईनेही अहिराणीत हाच प्रश्न केला, "कथा चालनी वं माय?" तिलाही तेच उत्तर मिळालं. दारावर.

मायलेकी दोघी निघाल्या म्हणजे पाटलांचंच जवळचं कोणी गेलं असणार, आणि रीत ती रीत. दहा वाजेपर्यंत सरस्वतीबाई आणखी तिघींना घेऊन निंबाच्या उंबऱ्याशी येऊन बसली. डोक्यावर पदर, चेहरे उतरलेले.

"कोन गयं भाऊ?"

निंबाने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काही सुचेना. सगळे मामा, काका, सासरे त्याने डोळ्यापुढे आणले, सगळे जिवंत. पुन्हा एखाद्याला मारायची छाती होईना. तेवढ्यात फोन वाजला. गायत्रीने फोटो पाठवला होता. मोठा तलाव, पायडलची बोट, हातात मक्याचं कणीस आणि डोक्यावर नवीकोरी टोपी घालून मालतीबाई हसत होती. एवढं हसताना निंबाने तिला कधी पाहिलं नव्हतं.

त्याने पाणी मागितलं. घरात द्यायला कोणी नव्हतं. तो उंबऱ्यावर बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

"जवळचंच मानूस दिसस वं," सरस्वतीबाई हळूच म्हणाली, आणि चौघींनी डोळ्याला पदर लावून सूर धरला.