पाच बाया म्हणजे तीन पुरुष

देशाची प्रगती काळ-काम-वेगाच्या गणितातले मजूर करत असतात, याविषयी विद्वानांत आता दुमत उरलेलं नाही. हे मजूर तंबाखू मळत नाहीत. त्यांना हिवताप येत नाही, बाजाराचा दिवस आठवत नाही, त्यांचा कुणी मेव्हणा मरत नाही. चौघांनी बारा दिवसांत खणलेली विहीर अठ्ठेचाळीस जण एका दिवसात खणतात. (अठ्ठेचाळीस जण त्या विहिरीत उभे कुठं राहतात, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.)

अशा मजुरांवर बारामतीत हिंदुराव मास्तरांची हुकमत होती. दर रविवारी ते फायनलच्या परीक्षेचा खासगी वर्ग घेत. अकरा वर्षांत त्यांनी फळ्यावर सहाशे चाळीस विहिरी खणल्या, नऊशे एकर ऊस तोडला आणि दोनशे बारा भिंती बांधल्या. त्यांनी स्वतः कधी खुरपं धरल्याची नोंद नाही. त्यामुळं अक्षर फार सुरेख राहिलं होतं.

या वर्गात शेळगावची मुक्ताबाई आली. नवरा वारल्यापासून ती भावाच्या, गेणूच्या, मळ्यात राबत होती. पास झाली तर मास्तरीण, नापास झाली तर मरेपर्यंत गेणूची वांगी. गेणूनं एकच वर्ष दिलं होतं, आणि ते तिला काही केल्या वाया घालवायचं नव्हतं.

पहिलंच गणित आलं ते असं: तीन पुरुष किंवा पाच स्त्रिया एक शेत पंधरा दिवसांत खुरपतात, तर सहा पुरुष व पाच स्त्रिया मिळून ते किती दिवसांत खुरपतील?

मुक्ताबाईनं सतरा लिहिले. रीतही मांडली. बाया पाच, म्हणून पंधरा दिवस. सहा पुरुषांच्या भाकरी थापायच्या आणि त्यांना पाणी न्यायचं, त्याचे दोन.

मास्तरांनी भोपळा दिला.

"मास्तर, खुरपाय पुरुष येत्यात कुठं?" मुक्ताबाई म्हणाली. "आलं तरी बांधावर बसत्यात. धा वर्सं बघती हाय मी."

"शेतात बसू देत," मास्तर शांतपणे म्हणाले. "गणितात पुरुष बसत नाही. पाच बाया म्हणजे तीन पुरुष, एवढं पाठ करा, बाई. उत्तर पाच."

तिनं पाठ केलं. वांग्यात वाकून रोज स्वतःला तीनपंचमांश म्हणवून घेतलं. अंगाचा तिळपापड व्हायचा, पण घोकणं सोडलं नाही. पास झाली, गणितात ऐंशी मार्क पडले. पलीकडच्या एका वाडीच्या शाळेवर नेमणूक झाली, पण कच्ची. पक्की होणं वरच्या साहेबांच्या शेऱ्यावर होतं.

तेवढ्यात श्रमदानाचा सप्ताह आला. शाळेच्या पटांगणातली हरळी काढायची ठरली. वाडीच्या कमिटीनं रीतसर योजना आखली: पुरुष सहा, स्त्रिया पाच, दिवस पाच. उद्घाटनाला सहाही पुरुष हजर होते. हार झाले, प्रत्येकानं एकेक काडी उपटली (महिपतीराव सरपंचांनी दोन), फोटो निघाला आणि मंडळी देखरेखीसाठी लिंबाखाली बसली. बाया सतरा दिवस खुरपत होत्या. चहा त्यांनीच केला.

शेवटच्या दिवशी ठमाबाई सोललेले हात पदराला पुसत मुक्ताबाईपाशी आली. "मास्तरीणबाई, आमी पाचजणींनी काढलंय, तेवढं मातुर लिव्हा," म्हणाली.

अहवालाच्या छापील कागदावर 'लागलेले दिवस' असा रकाना होता. मुक्ताबाईला गेणूची वांगी दिसली. तिला स्वतःची लाज वाटली, फार वाटली, आणि तिनं पाच लिहिले. 'पुरुषांचा सहभाग' पुढं 'उत्साही' लिहिलं. महिन्याभरात नेमणूक पक्की झाली. साहेबांनी शेरा मारला, 'बाईंचे गणित उत्तम.'

वाचकांना मुक्ताबाईचा राग आला असेल. यायलाच हवा. इतका वेळ एका जागी बसून वाचलं की माणसाला कुणाचा ना कुणाचा राग येतोच. आता फक्त पाय तेवढे वर घ्यावेत. खालचा केर काढायला कुणीतरी केव्हाची वाकून थांबली आहे.