यमनी खार सरपंच झाली त्याची गोष्ट

बाळांनो, मांडी घालून नीट बसा. एका जंगलात, जिथे पावसाळ्यापेक्षा निवडणुका जास्त येत, यमनी नावाची एक खार होती. अस्वल रावसाहेबांच्या गुहेत ती धुणीभांडी आणि स्वयंपाक करायची.

रावसाहेब मोठे पुढारी. जंगलातला पाणवठा सगळ्यांचा होता, त्याभोवतीचं कुंपण मात्र रावसाहेबांचं. यमनीची म्हातारी आई पाण्यासाठी लांबच्या ओढ्यावर जायची.

त्या वर्षी सरपंचपद लहान प्राण्यांसाठी राखीव झालं. रावसाहेबांना जेवण जाईना.

"एवढं काय मनाला लावून घेता?" बाईसाहेब म्हणाल्या. "आपली यमनी आहे ना. खुर्चीत ती बसेल, मागे तुम्ही बसा."

यमनीला बोलावलं.

"तुला सरपंच करतोय," रावसाहेब म्हणाले.

"आणि भांडी?"

"ती सभेहून आल्यावर घासायची."

यमनी निवडून आली. पहिल्याच सभेत रावसाहेब मागून कुजबुजले, "आता आभार मान आणि बस."

यमनीने आभार मानले. मग ती म्हणाली, "पाणवठ्याचं कुंपण उद्या निघेल."

दुसऱ्या दिवशी उंदरांनी कुंपण कुरतडून आडवं केलं. यमनीची आई पाणवठ्यावर पोटभर पाणी प्यायली. पिताना सारखी मागे वळून बघत होती, कुणी हाकलायला येतंय का म्हणून.

रावसाहेब खवळले. त्यांनी यमनीवर अविश्वास ठराव आणायचं ठरवलं. पंच म्हणजे लांडगा, कोल्हा आणि रानडुक्कर. तिघांनीही लगेच होकार दिला.

ठरावाच्या दिवशी सकाळी एकही ससा, एकही साळिंदर कामावर गेलं नाही. मोठ्या घरांतल्या चुली पेटल्या नाहीत. रावसाहेबांनी मधासाठी अख्खी गुहा उलटीपालटी केली. शेवटी तसेच उपाशीपोटी ते सभेला आले, तर सगळे ससे आणि साळिंदरं यमनीच्या मागे मांडी ठोकून बसलेली.

"ठराव मांडायचा ना?" यमनीने विचारलं.

लांडग्याने कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्ह्याचं पोट गुरगुरलं. रानडुक्कर म्हणालं, "आमच्या घरी पोरं सकाळपासून रडताहेत. आधी त्या सशांना कामावर पाठवा, मग ठरावाचं बघू."

"ठराव आहे तोवर ससे इथेच बसणार," यमनी म्हणाली.

रावसाहेब उठले. घसा खाकरून त्यांनी भाषण केलं, "यमनी आम्हाला लेकीसारखी आहे. तिच्यावर कसला अविश्वास? ठराव मागे." टाळ्या पडल्या. मग ते वाकून हळूच म्हणाले, "मध कुठे ठेवलायस गं?"

"तुमच्या उशाशी, रावसाहेब."

तात्पर्य: सत्ता मतपेटीतून येते, असं मोठी माणसं सांगतात. त्यांना तसंच समजू द्यावं. आपण घरकाम मन लावून करावं, आणि कुठली वस्तू कुठे ठेवली ते मालकाला सांगू नये.