नानांच्या सेटची खरखर

मंडळी, आवाजाच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही! मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. कॉलनीच्या गणपतीचा बंद पडलेला लाऊडस्पीकर माझ्या एका चापटीत सुरू होतो. त्यामुळे सासरे म्हणाले, "साधना, सेट लय खरखरतो," तेव्हा मी पदर खोचून म्हटलं, "नाना, बहिरूतात्या कपात चहा ओततात ना, तोसुद्धा ऐकवते तुम्हाला!"

सेट म्हणजे जुना सीबी रेडिओ. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एका धरणाच्या कामावरून भंगारात निघालेले दोन सेट नाना आणि त्यांचे जिवलग बहिरूतात्या यांनी कधीकाळी उचलून आणले होते. पुढे नाना आमच्याकडे गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आले, तात्या नदीपलीकडे मखमलाबादच्या मळ्यातच राहिले. तेव्हापासून रोज सकाळी सातला गच्चीवरून गप्पा. फोनवर दोघं दोन वाक्यांत आटपतात. सेटवर मात्र नाना "बहिरू", तात्या "केरू" करत तासभर!

पण गेले पाच दिवस तात्यांचं उत्तर नव्हतं. फोनही उचलत नव्हते. नानांचं जेवण निम्म्यावर आलं.

"मग जाऊन या ना!"

"त्यानं हाक दिल्याबिगर? मी नाय जायचा."

म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर!

रविवारभर बसून मी फुगलेले कपॅसिटर बदलले, आवाजाचं बटण स्प्रे मारून साफ केलं. सोमवारी सातला गच्चीवर सेट लावला. भर्रर्र! आत कोणीतरी ज्वारी दळत होतं.

"छान," माझा नवरा शेखर म्हणाला. "खरखर एकदम स्वच्छ येतेय."

"दोष सेटचा नाहीच! बिल्डिंगमधलं कुणाचं तरी यंत्र घाण करतंय!"

मी खाली धावले आणि बिल्डिंगचा मेन स्विच बंद केला. दोनच मिनिटं हो! वीज नाही म्हणून स्कूटरची बॅटरी काढून वर नेली, सेट तिला जोडला. काय सांगू! खरखर गायब!

शांततेत खालून आवाज आला, "अहो, कोणी आहे का? मी लिफ्टमध्ये आहे!" चेअरमन दीपकराव. दुधाच्या पिशव्यांसकट.

मेन सुरू झाला आणि अर्धी बिल्डिंग गच्चीवर आली. मी माघार घेणार? "गुन्हेगार तुमच्यातच आहे!" मी सुनावलं. "प्रत्येकानं घरातलं सगळं चालू करा!" लोकही इरेला पेटले. मिक्सर, गिझर, शेजारच्या चैतालीचं ट्रेडमिल, दीपकरावांचा इन्व्हर्टर, सगळं धडाधडा सुरू. सेट मात्र गप्प.

शेखर हळूच म्हणाला, "बॅटरी काढून नेहमीचा ॲडॉप्टर लावून बघ की."

लावला. भर्रर्र!

हा ॲडॉप्टर नानांना वाढदिवसाला मीच दिला होता. त्यांचा जुना, विटेएवढा जड एलिमिनेटर, म्हणजे आधीचा ॲडॉप्टर, "कसलं हे ओझं" म्हणत मीच भंगारात घातला होता. आठ महिने त्या भल्या माणसाच्या कानात मीच ज्वारी दळत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीपकरावांनी आधी दुधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी मुकाट्यानं पुन्हा बॅटरी जोडली. नानांनी बटण दाबलं. "बहिरू, ऐकतो का?"

अगदी शेजारी बसल्यासारखा आवाज आला. "रोजच ऐकतोय. तुझ्याशी बोलायचं नाय."

"का रे बाबा?"

"तुला सांगितलं, बाग काढली. अठरा वर्साची द्राक्षाची बाग, केरू. खड्डे आपण दोघांनी घेतले व्हते. पोरांना नको झाली, काढली. अन् तू काय बोलला? लय भारी! पेढे आण!"

नानांनी पुन्हा बटण दाबलं.

"मला... मला ऐकू आलं, गाडी काढली," ते म्हणाले.

पलीकडे तात्यांनी नाक ओढलं. सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळेच दुसरीकडे बघायला लागले.

"एकटाच बसलोय ओट्यावर," तात्या म्हणाले. "समोर नुसते अँगल अन् तारा."

"आलो," नाना म्हणाले, आणि उठलेच. "साधना, स्कूटर काढ."

"नाना, तिची बॅटरी सेटला लावलीय."

"मग सोडव की! आता ह्याच्यावर बोलून काय करायचं?"

तिकडून तात्या येताना तंबाखू आणायला सांगत होते. एकेक अक्षर सुटं, मोकळं. इतका सुरेख आवाज मी आजवर कोणत्याच यंत्रातून काढला नव्हता. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि वायर सोडवली.